चिरुटातील भुंगेरा आणि घरचा फ्रीझर

हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाचे थडगे शोधून काढले. त्यातील सोन्याचा मुखवटा, रथ आणि दागिने यांची वर्णने आपण वाचलेली असतात. या वस्तूंबरोबर तेथे काही मेलेले कीटकही सापडले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ए. अल्फिएरी या कीटकशास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये या कीटकांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी रंगाचा, डोके खाली वाकवून बसणारा एक भुंगेरा होता. त्याचे शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. जगभर त्याला ‘तंबाखूचा भुंगेरा’ म्हणूनच ओळखतात.

आता इतिहास आणि भूगोल शेजारीशेजारी मांडून पाहा. तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. जुन्या जगाला तिची ओळख झाली ती १४९२ नंतर, म्हणजे तुतनखामेनच्या दफनानंतर सुमारे अठ्ठावीसशे वर्षांनी. मग तोवर हा ‘तंबाखूचा’ भुंगेरा काय खात होता?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. हळद, सुंठ, धने, मिरची, वाळवलेल्या औषधी मुळ्या, बिया, पीठ अशा कोणत्याही कोरड्या वनस्पतिजन्य पदार्थावर तो जगतो. साठवलेल्या हळकुंडांना बारीक गोल भोके पाडणारा आणि खाली पिवळी भुकटी सांडणारा किडा बहुधा हाच असतो. सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांना तो चांगला परिचित आहे. तंबाखू हे त्याच्या आहारात उशिरा आलेले पक्वान्न. पण तंबाखू महाग, आणि चिरूट त्याहून महाग. त्यामुळे त्याच्यावरचे बरेचसे संशोधन तंबाखूच्या पैशावर झाले आणि नावही तेच चिकटले.

चिरूट ओढण्याची शिफारस आम्ही येथे करणार नाही, हे उघड आहे. तंबाखूचे दुष्परिणाम निर्विवाद आहेत. पण चिरूट बाळगणाऱ्या शौकिनांनी या किड्यावर जो घरगुती उपाय रूढ केला, त्यामागचे विज्ञान आपल्या हळदीच्या डब्यालाही तितकेच लागू पडते. म्हणून ही कथा.

विषारी पानावरचा संसार

निकोटीन हे कीटकांना मारक आहे. तंबाखूचा काढा पिकांवर फवारण्याची पद्धत जुनीच. मग हा भुंगेरा त्या पानात कसा राहतो? एक कारण असे की पोटात गेलेले बरेचसे निकोटीन तो शरीरात शोषून न घेता विष्ठेवाटे बाहेर टाकतो. दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. त्याच्या आतड्याला जोडलेल्या खास पेशींमध्ये यीस्टसारखी एक बुरशी राहते. मादी अंडे घालताना त्याच्या कवचावर या बुरशीचा लेप देते. अळी बाहेर येताना कवच कुरतडते आणि आईकडून आलेला हा वारसा गिळते.

जी. फ्रँकेल आणि एम. ब्लेवेट यांनी या सहजीवनावरील प्रयोग १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. अंड्यांचा पृष्ठभाग निर्जंतुक केला की बुरशीविना अळ्या मिळतात. अशा अळ्यांना आहारातून ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे मिळाली नाहीत, तर त्यांची वाढ खुंटते. नेहमीच्या अळ्यांना मात्र ती बुरशीकडून मिळत राहतात. निकृष्ट, कोरड्या अन्नावर हा कीटक का तग धरतो, याचा उलगडा अशा प्रयोगांतून झाला. पुढे ही बुरशी काही विषारी द्रव्यांचे विघटनही करते, असे दिसून आले.

या कीटकाला मर्यादा आहे ती तापमानाची. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दमट हवेत अंड्यापासून प्रौढ भुंगेरा व्हायला महिनाभर पुरतो. २० अंशांना त्यासाठी सुमारे चार महिने लागतात, आणि त्याखाली वाढ जवळपास थांबते. चिरूट सुकू नयेत म्हणून शौकीन ते लाकडी पेटीत ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. ही आर्द्रता भुंगेऱ्यालाही मानवते. खोली तापली की पेटीत दडलेली अंडी फुटतात, अळ्या पाने पोखरतात आणि प्रौढ भुंगेरा टाचणीएवढे भोक पाडून बाहेर पडतो. भोक दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

विषाचा मार्ग

साठवणीतील किडे मारण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समध्ये कार्बन डायसल्फाइडची वाफ वापरली जाऊ लागली. ती ठिणगीसरशी पेट घेते. त्यानंतर हायड्रोजन सायनाइड आले. ते माणसालाही तितकेच घातक. विसाव्या शतकाच्या आरंभी एक वेगळा प्रयत्न झाला. अमेरिकेच्या कृषी खात्यातील जी. ए. रनर यांनी या भुंगेऱ्यावर क्ष-किरण सोडून पाहिले. १९१६ मध्ये त्यांनी नोंदवले की मोठी मात्रा दिलेल्या भुंगेऱ्यांची अंडी फलद्रूप होत नाहीत. किरणांनी कीटक वंध्य होतो, याची ही एक अगदी आरंभीची नोंद. पुढे वंध्य नर सोडून कीडनियंत्रण करण्याचे जे तंत्र निघाले, त्याच्या इतिहासात या लहानशा भुंगेऱ्याला स्थान आहे. १९२९ साली चिरुटांच्या पेट्यांवर क्ष-किरण सोडणारे यंत्रही अमेरिकेत बसवले गेले. पण त्या काळची उपकरणे सतत चालवण्याजोगी नव्हती आणि तो प्रयत्न मागे पडला.

फ्रान्समध्ये १९३२ साली मिथिल ब्रोमाइडचा कीटकनाशक गुण लक्षात आला, आणि पुढची अनेक दशके जगातील गोदामांवर त्याचेच राज्य होते. मग ते ओझोनच्या थराचा नाश करते, हे स्पष्ट झाले. १९८७ च्या माँट्रियल कराराच्या यादीत १९९२ मध्ये त्याचा समावेश झाला. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवायचा होता; विलग्नवास आणि जहाजावर चढवण्यापूर्वीची धुरी यांना सवलत राहिली. उरले फॉस्फीन. पण त्याला दाद न देणारे भुंगेरे भारतातील तंबाखू गोदामांतून १९९४ मध्येच नोंदवले गेले होते. अर्धवट धुरी दिली की दुबळे मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. डार्विनचा सिद्धांत शिकवायला याहून जवळचे उदाहरण कोणते?

शिवाय फॉस्फीन सोडणाऱ्या गोळ्या घरातल्या धान्यात ठेवल्याने माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. म्हणजे विष नसलेला उपाय ही केवळ शौकिनांची गरज नाही.

थंडीचा मार्ग

‘थंडीत ठेवले की किडे मरतात’ हे वाक्य सोपे वाटते. ते पुरते खरे मात्र नाही. एल. ओ. हॉवर्ड हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे प्रमुख कीटकशास्त्रज्ञ. १८९० च्या दशकात त्यांनी वॉशिंग्टनमधील एका मोठ्या कोठाराचे व्यवस्थापक अल्बर्ट रीड यांच्यासह कपडे खाणाऱ्या कसरीच्या आणि गालिचे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या गारठ्यात ठेवून पाहिल्या. तापमान सतत शून्याखाली ८ अंश ठेवले, तर अळ्या निपचित पडत, पण मरत नसत. मात्र मधेच काही काळ त्यांना ४ ते १० अंशांच्या हवेत आणून पुन्हा गारठ्यात ढकलले, की त्या मरत. थंडीने थांबणे आणि थंडीने मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या निरीक्षणाचा धडा.

यामागचे एक कारण पोर्फिरी बाखमेत्येव यांच्या प्रयोगांतून कळते. सोफिया येथे भौतिकी शिकवणाऱ्या या रशियन प्राध्यापकांनी फुलपाखरांच्या शरीरात सुईसारखे तापयुग्म खुपसले आणि त्यांना हळूहळू थंड केले. शरीराचे तापमान शून्याखाली बरेच अंश उतरले, तरी द्रव गोठला नाही. मग अचानक तापमानाने वर उसळी घेतली. ती उसळी म्हणजे बर्फ होताना बाहेर पडलेली अप्रकट उष्णता. १९०१ मध्ये त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केले. गोठणबिंदूखालीही द्रवरूपच राहण्याच्या या गुणाला आपण अतिशीतन म्हणतो. कीटकाच्या शरीरात पाणी थोडे आणि विरघळलेली द्रव्ये बरीच, म्हणून अतिशीतन सहज होते. अनेक कीटक शून्याखाली १० अंशांना खुशाल द्रवरूपात राहतात. हळूहळू थंडी वाढली, तर काही जाती शरीरात ग्लिसेरॉलसारखी द्रव्ये साठवून आणखी चिवट होतात.

म्हणून मारायचे असेल तर थंडी खोल हवी, लवकर यायला हवी आणि पुरेसा काळ टिकायला हवी. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात १९७७ साली दुर्मिळ पुस्तके पोखरणारे भुंगेरे सापडले. ते आपल्या भुंगेऱ्याच्याच कुळातले. तेथील कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रेमिंग्टन यांच्या सल्ल्याने सुमारे ३७,००० ग्रंथ पिशव्यांत बंद करून शून्याखाली ३० अंशांच्या आसपास तीन दिवस ठेवण्यात आले. ग्रंथ वाचले. त्यानंतर संग्रहालयांनी हा मार्ग आपलासा केला. क्यूबातील चिरूटही निर्यातीपूर्वी गोठवण्याची पद्धत या शतकाच्या पहिल्या दशकात रुळली. त्याच्याही आधीपासून शौकीन आपापल्या घरी हेच करत होते.

घरचा फ्रीझर

घरगुती रीत अशी. चिरूट हवाबंद पिशवीत घालायचे, आतली हवा दाबून काढायची आणि त्यावर दुसरी पिशवी चढवायची. मग फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस, त्यानंतर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस, आणि शेवटी खोलीत. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. उघडली तर हवेतील बाष्प गार पानांवर दवासारखे जमते, पान फुगते आणि तडकते. काही जण आरंभीही एक दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. पानाला धक्का बसू नये हा त्यांचा हेतू. पण किड्याला थंडीची सवय होऊ नये म्हणून संग्रहालये शक्य तितक्या वेगाने थंड करणे पसंत करतात. पानाचे हित आणि किड्याचा अंत यांची येथे थोडी ओढाताण आहे. सुरुवात सावकाश केली, तर फ्रीझरमधील मुक्काम वाढवावा, हे उत्तम.

आता महत्त्वाचा प्रश्न. किडा मरतो, तर पान का फुटत नाही? पानातील पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटायला नकोत का? शून्याखाली २० अंशांना बर्फाचा बाष्पदाब त्याच तापमानाच्या अतिशीत पाण्याच्या सुमारे ८२ टक्के असतो. म्हणजे ८२ टक्क्यांहून कमी आर्द्रतेशी समतोल साधलेल्या पदार्थात या तापमानाला बर्फ होऊच शकत नाही. ७० टक्क्यांच्या चिरुटातले पाणी तंतूंना बांधलेले राहते. कागदाचे तसेच, वाळलेल्या हळकुंडाचेही तसेच. अळीचे शरीर मात्र बहुतांशी पाणी. एकाच कप्प्यात घर सुखरूप राहते आणि भाडेकरू मरतो, तो या फरकामुळे. बर्फ झाला नाही तरी दीर्घ थंडीने पेशींचे कामकाज बिघडते, आणि तेही पुरेसे ठरते.

दोन सावधगिरीच्या सूचना. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातील ४ अंशांना अंडी आणि अळ्या लगेच मरत नाहीत. त्यांची वाढ फक्त थांबते. आणि सगळे फ्रीझर सारखे नसतात. एक तारा म्हणजे शून्याखाली ६ अंश, दोन तारे १२, तीन तारे १८. एका दरवाजाच्या फ्रीजमधील लहान बर्फाचा कप्पा पुष्कळदा हव्या त्या तापमानाला पोचत नाही. तेथे चार दिवस ठेवून ‘किडे मेले’ असे समजणे म्हणजे हॉवर्ड यांच्या अळ्यांना विसरणे.

वर्गासाठी

हा विषय वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एकाच आकाराचे, पण लहान, मध्यम आणि मोठे असे रव्याचे तीन डबे घ्या. प्रत्येकाच्या मध्यभागी तापमापी खोचून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या तासाने नोंद करा. झाकण लावून तापमापी आत राहील एवढे भोक पाडावे. डब्याची रुंदी दुप्पट झाली, तर मध्य थंड व्हायला दुप्पट वेळ लागतो की सुमारे चौपट? आलेख काढून मुलांनाच ठरवू द्या. पोत्यातील हळद आणि डब्यातील हळद यांना एकच मुदत का चालत नाही, हे त्यांना आपोआप कळेल.

दुसऱ्या दिवशी भोके पडलेले धने दोन पिशव्यांत विभागा. एक पिशवी खालच्या कप्प्यात आणि दुसरी तीन ताऱ्यांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. मग दोन्ही पिशव्या न उघडता दीड-दोन महिने खोलीत ठेवून रोज पाहा. कोणत्या पिशवीत भुंगेरे पुन्हा चालू लागतात, आणि कोणत्या दिवशी? त्या दिवसावरून आणि खोलीच्या तापमानावरून, पिशवी बंद केली तेव्हा तो भुंगेरा अंडे होता, अळी होता की कोष, याचा अंदाज बांधता येईल का?