कार्ड तुमचं, पण आतले प्लगइन कुणाचे? जुन्या डीएसपी कार्डांचा इतिहास

आज बोलायचंय ते संगणकात बसवायच्या एका कार्डाबद्दल. ही कार्डं आता भंगारातही सापडतात, आणि एखाद्या स्टुडिओत रोज कामही करत असतात. ऑडिओचं डीएसपी कार्ड. नव्या मालाच्या बाजारातून त्यातली बरीचशी गेली, पण सेकंडहँडमध्ये अजून फिरतायत. घेणारा आधी किंमत विचारतो, मग स्लॉट कुठला लागतो ते विचारतो, आणि सगळ्यात शेवटी जे विचारतो ते खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं: या कार्डावरचे प्लगइन कुणाच्या नावावर आहेत?

आमच्या शिनोलीत, म्हणजे आंबेगाव तालुक्यात, हा मुद्दा फार समजावून सांगावा लागत नाही. जमिनीचं खरेदीखत झालं, पैसे दिले, कब्जाही मिळाला, तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत घेणाऱ्याला झोप नसते. डीएसपी कार्डाचंही तसंच आहे. कार्ड हातात येणं म्हणजे कब्जा, लायसन्स नावावर होणं म्हणजे सातबारा. या दोन गोष्टी वेगळ्या कशा झाल्या, त्याचा हा इतिहास.

आधी हे कार्ड लागलंच कशाला ते बघू. आवाज संगणकात शिरला की त्याचे आकडे होतात. सीडीच्या दर्जाला एका चॅनेलचे सेकंदाला ४४,१०० आकडे. ईक्यू लावायचा, रिव्हर्ब द्यायचा, म्हणजे या प्रत्येक आकड्यावर गुणाकार आणि बेरीज, गुणाकार आणि बेरीज, न थांबता. १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला हे झेपत नव्हतं. मग हेच एक काम झपाट्याने करणाऱ्या चिप आल्या. त्यांना डिजिटल सिग्नल प्रोसेसर म्हणतात, थोडक्यात डीएसपी. संगीताच्या जगात सगळ्यात गाजली ती मोटोरोलाची ५६००० मालिका. २४ बिटांचे आकडे, ५६ बिटांत साठणारी बेरीज, आणि गुणाकार-बेरीज दोन्ही एकाच झटक्यात. स्टीव्ह जॉब्सच्या कंपनीने १९८८ साली आणलेल्या नेक्स्ट संगणकात याच मालिकेतली चिप होती. डिजिडिझाइनने १९८९ मध्ये साउंड टूल्स आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स आणलं, तेही याच चिपांच्या जोरावर. एका कार्डाने भागलं नाही की दुसरं लावा, मग तिसरं. अशा जादा कार्डाचं नावच होतं ‘डीएसपी फार्म’. चिपांची शेतीच म्हणा ना!

ही गोष्ट फक्त अमेरिकेतल्या स्टुडिओंची नाही. तशीच एक आमच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात घडली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. या ३० जणींचे सिग्नल दोन-दोनच्या जोडीने एकमेकांशी ताडून बघावे लागतात. अशा जोड्या होतात ४३५. १९९० च्या दशकात या कामासाठी तिथे खास चिपांची यंत्रणा बसवली होती. साधा संगणक ते करू शकत नव्हता. म्हणजे खोडदची अडचण आणि रेकॉर्डिंग स्टुडिओची अडचण जातीने एकच: आकडे वेगाने येतायत, ते थांबायचे नाहीत, आणि हिशोब तिथल्या तिथे व्हायला हवा. खोडदकडे मी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता कार्डांच्या घराण्यांकडे वळू. जर्मनीच्या क्रीमवेअर कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी पल्सार आणि पुढे स्कोप ही कार्डं आणली. त्यांवर ॲनालॉग डिव्हायसेसच्या शार्क चिप होत्या. डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकने पॉवरकोअर आणलं, त्यावर मोटोरोलाच्या चार चिप आणि जोडीला एक पॉवरपीसी प्रोसेसर. आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या युनिव्हर्सल ऑडिओचं यूएडी-१ आलं.

यूएडी-१ ची मजा अशी की तिच्यावरची चिप संगीतासाठी बनलेलीच नव्हती. क्रोमॅटिक रिसर्च नावाच्या कंपनीने एमपॅक्ट-२ ही चिप काढली होती ती ग्राफिक्स, डीव्हीडीचा व्हिडिओ, मोडेम अशी सगळी कामं एकाच चिपवर करायला. पीसीच्या बाजारात ती टिकली नाही, आणि कंपनी एटीआयने विकत घेतली. चित्रासाठी बनलेली ती चिप यूएडी-१ मध्ये सुरांच्या कामाला लागली. तिच्यावर जुन्या कॉम्प्रेसर आणि ईक्यूंच्या हुबेहूब नकला चालायच्या, आणि लोक कार्ड घेत होते ते त्या नकलांसाठीच. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

आता ‘कार्डं जोडायची’ म्हणजे नक्की काय करायचं? यूएडी-१ ची चार कार्डं एका मशीनमध्ये चालायची. पण चार कार्डं लावली म्हणून एक चौपट मोठा प्रोसेसर तयार होत नाही. चार बैलगाड्या एका रांगेत उभ्या केल्यात असं समजा. एका प्लगइनची एक प्रत म्हणजे एक पोतं. पोतं या नाहीतर त्या गाडीत पूर्ण चढतं, अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे ठेवता येत नाही. दोन गाड्यांत थोडी-थोडी जागा उरली असेल, तरी मोठं पोतं खालीच राहतं. म्हणून मीटरवर जागा दिसते, पण प्लगइन चालू होत नाही, असं जोडलेल्या कार्डांवर होतं.

शिवाय रस्ता सगळ्यांना एकच. जुन्या पीसीआय स्लॉटची वाट सेकंदाला १३३ मेगाबाइटची, आणि सहसा तिच्यावर बसलेल्या सगळ्या कार्डांमध्ये वाटून घ्यायची. आवाज संगणकातून कार्डावर जाणार, तिथे संस्कार होऊन परत येणार. या जाण्यायेण्यात उशीर होतो. मिक्सिंग करताना सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे ओढून मेळ घालतं, म्हणून चालून जातं. पण गाणारा समोर उभा असेल आणि त्याच्याच आवाजाला हेडफोनमध्ये तो उशीर लागला, तर लय बिघडते. क्रीमवेअरची रचना वेगळी होती. मिक्सरच कार्डावर, आणि कार्डं एकमेकांना संगणकाच्या आतच एका पट्टीसारख्या केबलने जोडायची. त्यामुळे एका कार्डावरून दुसऱ्यावर जाणारा आवाज पीसीआयच्या गर्दीत शिरायचाच नाही.

आता मूळ प्रश्न, लायसन्सचा. प्रो टूल्सच्या सुरुवातीच्या काळात महागड्या प्लगइनबरोबर ‘की डिस्क’ यायची, म्हणजे कॉपी न होणारी फ्लॉपी. तिच्यावर ठरावीक वेळाच परवानगी मिळायची. पुढे आयलॉक नावाची यूएसबीची किल्ली आली. क्रीमवेअर, टीसी, युनिव्हर्सल ऑडिओ यांना वेगळी किल्ली लागलीच नाही, कारण कार्ड हीच किल्ली होती. प्रत्येक कार्डाला स्वतःचा क्रमांक, आणि लायसन्सची फाइल त्या क्रमांकाशी बांधलेली. फाइल कॉपी करून मित्राला दिली तरी त्याच्या कार्डाचा क्रमांक वेगळा, म्हणून ती तिथे चालत नाही.

कार्डं जोडली की इथे प्रत्येक घराण्याचा रिवाज वेगळा. यूएडीमध्ये मशीनमधली सगळी कार्डं एकाच खात्यावर नोंदवायची आणि सगळ्यांसाठी मिळून नवी ऑथरायझेशन फाइल घ्यायची. मग घेतलेलं प्लगइन त्यातल्या कुठल्याही कार्डावर चालतं. प्लगइन एकटं काढून विकता येत नाही, ते कार्डाबरोबरच जातं. आणि कार्ड दुसऱ्याच्या नावावर करायचं तर आधीच्या मालकाचा होकार लागतो. म्हणजे तलाठ्यापुढे दोघांनी उभं राहण्यासारखंच. क्रीमवेअरच्या किल्ल्या कार्डाच्या अनुक्रमांकावर निघायच्या. जोडलेल्यांपैकी एका कार्डाची किल्ली असली तरी काम भागायचं, पण तेच कार्ड विकलं की किल्लीही गेली.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? छापील पुस्तकाची गोष्ट सोपी आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क लेखकाचा असला, तरी आधीच बाजारात आलेली प्रत त्यातून वगळली आहे. म्हणून अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक विकायला कुणाला विचारावं लागत नाही. संगणकाच्या प्रोग्रामबाबत मात्र १९९४ च्या दुरुस्तीने उलटं केलं. प्रत आधी विकलेली असो वा नसो, ती विकण्याचा हक्क मालकाचाच, अशा अर्थाचे शब्द त्यात घातले. १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द काढून टाकले. बाहेरही एकमत नाही. अमेरिकेत २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात, जुनी ऑटोकॅडची पाकिटं विकणाऱ्याला अपिलाच्या न्यायालयाने सांगितलं की ती मुळात विकलेली नव्हती, वापरायला दिली होती. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, युरोपच्या न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात जवळजवळ उलटं सांगितलं: कायमचं लायसन्स पैसे घेऊन दिलं असेल तर ती विक्रीच आहे, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो. मात्र स्वतःची प्रत बंद करून, आणि अनेकांसाठी एकत्र घेतलेलं लायसन्स तुकडे करून नाही.

आता पुन्हा खोडदला जाऊ. २०१० च्या सुमारास तिथे त्या ४३५ जोड्यांचा हिशोब बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहावर, सॉफ्टवेअरने होऊ लागला. पुढे दुर्बीण सुधारली तेव्हा एफपीजीए आणि जीपीयू आले. म्हणजे आकाशाच्या सिग्नलचं काम शेवटी ग्राफिक्सच्या चिपवरही गेलं! स्टुडिओतही तसंच झालं. १९९६ ला स्टाइनबर्गने व्हीएसटी आणलं तेव्हापासून प्लगइन थेट मुख्य प्रोसेसरवर चालायला लागले होते, आणि प्रोसेसर दर दोन-तीन वर्षांनी कार्डांना मागे टाकत गेले. २००८ मध्ये शार्क चिपांचं यूएडी-२ आलं, एक, दोन नाहीतर चार चिपांचं, पुढे आठचंही. काही काळ जुनी यूएडी-१ त्याच्या शेजारी चालली, नंतर तिचा आधार काढून घेतला. पॉवरकोअर २०११ च्या सुमारास बंद झालं. क्रीमवेअर त्याआधीच दिवाळखोरीत गेली, तिचा वारसा सॉनिक कोअरकडे आला. आणि २०२२ मध्ये युनिव्हर्सल ऑडिओनेच कार्डाशिवाय चालणारे प्लगइन महिन्याच्या वर्गणीवर द्यायला सुरुवात केली.

खोडद आणि स्टुडिओ यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते या इतिहासाचं सार त्यातच आहे. खोडदला खास चिपांची गरज संपली तशी ती यंत्रणा बाजूला झाली, कारण ती फक्त हिशोबासाठी होती. कार्डं मात्र हिशोबाची गरज कमी झाल्यावरही बरीच वर्षं विकली गेली, कारण तोपर्यंत ती कुलूप झाली होती. आतल्या नकला फुकट पळवता येऊ नयेत म्हणून त्या कार्डात बंद केलेल्या. आज कुणी जुनं कार्ड घेतो तेव्हा तो चिपसाठी पैसे मोजत नाही, कुलपामागच्या सामानासाठी मोजतो.

तरीसुद्धा या कुलपाची एक बाजू मला आवडते. गावातल्या भजनी मंडळाची पेटी बघा. दात्याचं नाव तिच्यावर रंगवलेलं असतं, ती एका मंडळाकडून दुसऱ्याकडे जाते, मुलाकडून नातवाकडे जाते. कुणी परवानगी मागत नाही. लायसन्स कार्डाला बांधलेलं होतं तोवर तेही निदान वस्तूसारखं वागत होतं. कार्डाबरोबर दुसऱ्याच्या हातात जात होतं. खेड्यातल्या छोट्या स्टुडिओला नव्याच्या काही अंश किमतीत चांगला कॉम्प्रेसर मिळत होता, तो त्यामुळेच. वर्गणीच्या प्लगइनला वारसच नाही. पैसे थांबले की आवाज थांबला.

म्हणून कुणी जुनी कार्डं जोडायला निघालं असेल, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: कार्डाचा क्रमांक, त्यावरच्या प्लगइनची यादी, खातं नावावर करून द्यायचा मालकाचा होकार, आणि त्या कार्डाला चालणारी सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती. तिचा इन्स्टॉलर आणि ऑथरायझेशन फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि ज्या मशीनवर ते सगळं नीट चालतंय, त्या मशीनला अपडेटच्या नादी लावू नका.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.