दोन-तीन ट्रेलरांचा परवाना: अमेरिकेतील 'टी' पृष्ठांकनाच्या परीक्षेची तयारी

अमेरिकेत अवजड मालवाहू वाहन चालवणाऱ्याला व्यावसायिक परवाना लागतो आणि त्या परवान्यावर काही विशेष अधिकारांची स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. या नोंदीला पृष्ठांकन म्हणतात. धोकादायक मालासाठी 'एच', टाकीवाहनासाठी 'एन', प्रवासी वाहनासाठी 'पी' अशी अक्षरे त्यासाठी ठरलेली आहेत. एका ट्रकमागे दोन किंवा तीन ट्रेलर ओढायचे असतील, तर परवान्यावर 'टी' हे अक्षर असावे लागते. आपल्याकडे ज्वालाग्राही किंवा विषारी माल नेणाऱ्या टँकरचालकाच्या परवान्यावर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ नुसार जी नोंद होते, तिच्याच जातीची ही नोंद आहे.

चालकवर्गात 'टी' ही सर्वांत सोपी नोंद समजली जाते. परीक्षेपुरते ते खरे आहे. बहुतेक राज्यांत २० प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के, म्हणजे १६ उत्तरे बरोबर यावी लागतात आणि प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवण्याची चाचणी होत नाही. नव्या परवानाधारकांसाठी ७ फेब्रुवारी २०२२ पासून जे सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण लागू झाले, त्यातूनही 'टी' वगळलेले आहे. म्हणजे दुसरा ट्रेलर एकदाही न ओढलेला माणूस सकाळी संगणकासमोर बसून दुपारी तो ओढण्यास कायद्याने पात्र ठरू शकतो. तयारीचा विचार करताना हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. परीक्षेचे पुस्तक पाठ करणे आणि त्यातील प्रत्येक क्रमामागचे कारण समजून घेणे यांतले अंतर या नोंदीइतके अन्यत्र क्वचितच महाग पडते.

मूळ परवाना 'अ' वर्गाचा, म्हणजे अमेरिकेतील 'क्लास ए' असणे आवश्यक आहे. एकत्रित वजनक्षमता २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११.८ टन किंवा अधिक आणि त्यात ओढल्या जाणाऱ्या वाहनाची १०,००० पौंडांहून जास्त, अशा जोडवाहनांसाठी हा वर्ग आहे. शिकाऊ परवान्यावर 'टी' मिळत नाही. प्रत्येक राज्य आपली चालक-पुस्तिका विनामूल्य प्रसिद्ध करते आणि तिचे सातवे प्रकरण या परीक्षेचे आहे. ते छोटे आहे, त्यामुळे अनेक उमेदवार तेवढेच वाचून जातात. पुस्तिका मात्र त्यासोबत दुसरे, पाचवे आणि सहावे प्रकरणही अभ्यासण्यास सांगते. यांत सुरक्षित चालन, हवेचे ब्रेक आणि जोडवाहने हे विषय येतात. प्रश्न त्यांतूनही येतात आणि सातव्या प्रकरणातील निम्म्या गोष्टींची कारणे तिथेच सापडतात.

अशी वाहने मुळात का जोडतात, हे थोडक्यात सांगायला हवे. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने प्रमुख महामार्गांच्या जाळ्यावर २८ फुटी ट्रेलरांची जोडी देशभर चालू देण्याची वाट मोकळी केली. अनेक ग्राहकांचा सुटा माल एकत्र नेणाऱ्या कंपन्यांना ही जोडी सोयीची पडते. एक चालक रात्रीत दोन्ही ट्रेलर मोठ्या केंद्रावर पोहोचवतो, तिथे ते सुटे होतात आणि आतला माल न हलवता दोन वेगळ्या गावांना रवाना होतात. तीन ट्रेलरांना मात्र सर्वत्र परवानगी नाही. ओरेगॉनमध्ये ते चालतात, शेजारच्या कॅलिफोर्नियात चालत नाहीत. १९९१ च्या कायद्याने लांब जोडवाहनांच्या मार्गांची आणि वजनांची वाढ तेव्हा होती तिथेच गोठवली.

चाबकाचे टोक

परीक्षेचा गाभा एकाच कल्पनेत आहे. चालकाने सुकाणू जरासे झटक्याने फिरवले, तर तो झटका प्रत्येक जोडापाशी वाढत मागे जातो आणि शेवटच्या ट्रेलरला सर्वांत जोरात बसतो. इंग्रजीत त्याला चाबूक फटकारण्याची उपमा दिली आहे. पुस्तिकेतील आकडा असा की, तीन ट्रेलरांच्या रांगेतील शेवटचा ट्रेलर पाच आसांच्या साध्या जोडवाहनाच्या तुलनेत साडेतीन पट सहज उलटतो. हा आकडा प्रश्नपत्रिकेत हमखास येतो.

बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात गळीत हंगामात रस्त्यावर आलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर खड्डा चुकवण्यासाठी हातभर बाजूला झाला, की दुसरी ट्रॉली किती झोकांडी खाते, हे त्याच्या मागे अडकलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. तिथे वेग कमी असतो म्हणून निभावते. अमेरिकी महामार्गावर हीच झोकांडी तिप्पट वेगाने येते आणि पुढे बसलेल्या चालकाला शेवटचा ट्रेलर कलल्याचे बहुधा जाणवतही नाही. जाणवते तेव्हा तो आडवा झालेला असतो.

या एका कल्पनेतून बाकीची उत्तरे निघतात. जड ट्रेलर पुढे आणि हलका मागे जोडायचा, कारण चाबकाच्या टोकाला वजन असेल तर फटकाही जड बसतो. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. नजर खूप पुढे ठेवायची, म्हणजे एकाएकी वाट बदलण्याचा प्रसंगच येत नाही. पुढच्या वाहनापासून अंतर राखण्याचा हिशेबही यातच बसतो: वाहनाच्या लांबीच्या दर १० फुटांना १ सेकंद आणि वेग ताशी ४० मैलांहून, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरहून जास्त असेल तर आणखी १ सेकंद. ७० फुटी जोडीला ८ सेकंद, १०० फुटी तिहेरी रांगेला ११ सेकंद. गाडी उभी करताना सरळ पुढे निघता येईल अशीच जागा निवडायची, कारण अशी रांग मागे घेणे जवळपास अशक्य असते. एखाद्या ढाब्यासारख्या जागी चुकून आत शिरलेल्या चालकाला वाहतूक थांबवून सगळी रांग सुटी करावी लागते.

जोडणीचा क्रम

सर्वाधिक चुका जोडणीच्या प्रश्नांत होतात. दोन ट्रेलरांच्या मध्ये कन्व्हर्टर डॉली असते. एक किंवा दोन आसांच्या या गाड्यावर वरच्या बाजूला फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलरचे नाक ज्यावर टेकते आणि खाली आलेली किंगपिन ज्यात अडकते ती जाड चकती बसवलेली असते. डॉलीचा दांडा पुढच्या ट्रेलरच्या मागील पिंटल हुकात अडकतो.

आधी मागचा ट्रेलर जागेवर पक्का करतात. त्याला स्प्रिंग ब्रेक नसतील, तर ट्रक जवळ आणून आपत्कालीन हवेची नळी जोडायची, त्याची टाकी भरायची आणि नळी काढून घ्यायची, म्हणजे त्याचे ब्रेक आवळले जातात. शंका असल्यास चाकांना ठोकळे लावायचे. १९७५ पूर्वीच्या ट्रेलरांना आणि डॉलींना स्प्रिंग ब्रेकची सक्ती नव्हती, म्हणून हा प्रश्न अजूनही विचारला जातो. पुढचा ट्रेलर ट्रकला नेहमीप्रमाणे जोडलेला असतो. डॉली मागच्या ट्रेलरच्या किंगपिनच्या रेषेत आणायची, पुढचा ट्रेलर मागे घेऊन दांडा हुकात अडकवायचा, हूक बंद करायचा आणि डॉलीचा आधारपाय वर करून अडकवायचा. मग डॉली मागच्या ट्रेलरखाली घालायची. त्या वेळी ट्रेलरची उंची फिफ्थ व्हीलच्या मध्यापेक्षा किंचित कमी असावी, म्हणजे डॉली आत शिरताना तो जरासा उचलला जातो. उंची जास्त असेल तर किंगपिन नीट अडकत नाही आणि वरवर जोडणी झाल्यासारखी दिसते. ट्रेलरचे टेकू जमिनीपासून थोडे उचलून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहायचा. त्यानंतर खाली वाकून दोन गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या: वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांत फट नाही ना आणि जबडे किंगपिनभोवती मिटले आहेत ना.

मग सुरक्षेच्या साखळ्या, हवेच्या नळ्या आणि दिव्यांच्या तारा. इथून पुढे झडपांचा खेळ सुरू होतो आणि घोटाळाही इथेच होतो. पुढच्या ट्रेलरच्या मागील झडपा उघड्या हव्यात, शेवटच्या ट्रेलरच्या मागील झडपा बंद हव्यात. पुढच्या बंद राहिल्या तर मागच्या ट्रेलरला हवाच मिळत नाही. शेवटच्या उघड्या राहिल्या तर हवा निसटून दाब पडतो. डॉलीच्या टाकीचा निचरा-कॉकही बंद करायचा असतो. अखेरीस शेवटच्या ट्रेलरमागे चालत जाऊन आपत्कालीन नळीची झडप क्षणभर उघडायची आणि हवेचा आवाज ऐकायचा. आवाज आला नाही तर कुठेतरी बिघाड आहे आणि त्या ट्रेलरचे ब्रेक लागणार नाहीत. बर्फाळ रात्री १०० फूट मागे चालत जाण्याचा कंटाळा केलेल्या चालकाला हे पहिल्या उतारावर कळते.

सोडवण्यातला एक प्रश्न जवळपास ठरलेला आहे. डॉली मागच्या ट्रेलरखाली असताना पिंटल हूक कधीही उघडू नये. दांडा एकदम वर उसळतो. त्याखाली चेहरा किंवा हात असेल तर गंभीर इजा होते आणि पुन्हा जोडणेही अवघड होऊन बसते. या क्रमाचा उलगडा चित्रावरून होत नाही. माल-केंद्राच्या आवारात अनुभवी चालकाच्या मागे उभे राहून दोनदा जोडणी आणि दोनदा सोडणी पाहिलेल्या उमेदवाराला मात्र प्रश्न वाचताच उत्तर दिसते.

हवा, दिवे आणि परीक्षेचा दिवस

हवेच्या ब्रेकचे आकडे लक्षात ठेवावे लागतात. ट्रकची हवा वाचवणारी ट्रॅक्टर प्रोटेक्शन झडप तपासताना इंजिन बंद करून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबतात. दाब घटत दर चौरस इंचाला २० ते ४५ पौंडांच्या दरम्यान आला, की ती आपोआप मिटली पाहिजे. १ मार्च १९९८ पासून बनलेल्या डॉलींना चाके लॉक होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे आणि ती डॉलीच्या डाव्या बाजूच्या पिवळ्या दिव्यावरून ओळखतात.

लेखी चाचणी परभाषेत घेण्याची मुभा केंद्रीय नियमांनी राज्यांना दिली आहे, दुभाषी मात्र चालत नाही. रस्त्यावरचा नियम वेगळा आहे. आंतरराज्य चालकाला इंग्रजी वाचता-बोलता आलेच पाहिजे आणि २०२५ पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली आहे. इंग्रजी पुस्तिकेवरूनच तयारी करणे त्यामुळे शहाणपणाचे. पिंटल हूक, ग्लॅड हँड, फिफ्थ व्हील ही नावे पुढे रोज कानावर पडणार असतात.

परीक्षा उत्तीर्ण झाली तरी प्रत्येक जोडी ओढता येते असे नाही. एकूण वजन ८०,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३६ टनांहून जास्त असलेली आणि आंतरराज्य महामार्गांवर धावणारी दोन किंवा अधिक ट्रेलरांची वाहने लांब जोडवाहने ठरतात. त्यांच्या चालकांना वेगळे प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र लागते. हे नियम २००४ पासून लागू आहेत आणि त्यांत प्रत्यक्ष चालवण्याचे शिक्षणही आहे.

हा विषय आता भारतीय रस्त्यांपासूनही दूर राहिलेला नाही. जून २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून ठरावीक मार्गांवर २५.२५ मीटर लांबीपर्यंतच्या रोड ट्रेनला जागा दिली आणि २०२५ मध्ये नागपूर ते भिवंडी या मार्गासाठी दोन ट्रेलर जोडलेले असे पहिले वाहन रवाना झाले.