मंगळावरील यंत्राचा मागोवा



घरांतलें यंत्र बिघडलें म्हणजे आपण कारागिराला बोलावतों. तो येतो, झांकण उघडतो आणि आंत डोकावून पाहतो. परंतु जें यंत्र एकोणीस कोटि किलोमीटर दूर आहे, जेथें आपली हाक पोंचावयास दहा मिनिटांहून अधिक काळ लागतो, आणि ज्याचा बिघाड कोणी पाहूं जाण्यापूर्वींच नाहींसा झालेला असतो, त्याचें काय करावें? १९९७ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील पॅसाडिना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींतल्या मंडळींपुढें हाच प्रश्न उभा राहिला होता.

मार्स पाथफाइंडर हें यान ४ डिसेंबर १९९६ रोजीं निघालें आणि ४ जुलै १९९७ रोजीं, फुगविलेल्या पिशव्यांवर उसळ्या घेत, मंगळावर उतरलें. त्याच्यासोबत सोजर्नर नांवाची सुमारें साडेदहा किलो वजनाची सहा चाकांची स्वयंचलित गाडी होती. छायाचित्रें येऊं लागलीं, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पुढें थोड्याच दिवसांत, हवामानाचीं मापें घेण्यास आरंभ झाल्यावर, यानाचा संगणक मधूनमधून हातचें काम टाकून आपण होऊन पुन्हां पहिल्यापासून सुरू होऊं लागला. जमलेली माहिती बुडत नसे. पण त्या दिवसाचें उरलेलें काम उद्यांवर जाई. ज्या यानाकडून एका महिन्याच्याच चाकरीची अपेक्षा धरली होती, त्याचा एकेक दिवस वायां जाणें कोणाला परवडणार?

या संगणकांत एका वेळीं एकच काम चाले. कामांना मानाप्रमाणें क्रम दिलेला होता. वरच्या मानाचें काम आलें कीं खालच्यानें बाजूस व्हावयाचें. यानांतील उपकरणांमधली ने-आण करणाऱ्या माहितीवाहिनीचें काम फार वरच्या मानाचें होतें. सेकंदाच्या दर अष्टमांशाला तें पुरें झालें आहे कीं नाहीं, हें एक पहारेकरी पाही, आणि पुरें झालें नसेल तर सारी व्यवस्था नव्यानें सुरू करवी.

आतां एक वाडा डोळ्यांपुढें आणा. तेथें एका वेळीं एकालाच हालचाल करण्याची मुभा आहे. हलक्या मानाच्या गड्याच्या हातांत कोठीची किल्ली आहे. मालक कोठीपाशीं येऊन उभा राहतो, पण किल्ली गड्यापाशीं. तेव्हां मालकाला थांबणें भाग. गडी लगबगीनें काम उरकून किल्ली देणार, तों मधल्या मानाचे पाहुणे येतात. त्यांना किल्लीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. परंतु ते गड्याहून मोठे, म्हणून गड्याला जागचें हलतां येत नाहीं. पाहुणे रेंगाळतात आणि मालक दाराशीं तिष्ठत राहतो. पाथफाइंडरवर हवामानाचें काम हा गडी, दळणवळणादि कामें हे पाहुणे, आणि माहितीवाहिनीचें काम हा मालक. यावरील उतारा शास्त्रज्ञांना ठाऊक होता: मालक खोळंबला असेल तोंवर गड्याला मालकाचाच मान द्यावा, म्हणजे पाहुणे त्याला अडविणार नाहींत. १९९० सालीं शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनीं याची रीतसर मांडणी केली होती.

पण ही कथा मी जितक्या सहज सांगितली, तितक्या सहज ती कोणाला दिसली नव्हती. उड्डाणापूर्वींच्या चाचण्यांतही हा बिघाड क्वचित् डोकावून गेला होता; पुन्हां घडवूं म्हटलें तर घडेना. कारणही समजण्यासारखें आहे. तो घडण्यास तीन कामांची गांठ एका विवक्षित क्षणीं पडावी लागते, आणि मागें कसलाही ओरखडा राहत नाहीं. शिवाय, पाहणारा फार ढवळाढवळ करूं लागला तर कामांच्या वेळाच बदलतात आणि चोर पसार होतो.

येथें उपयोगी पडली ती मागोव्याची सोय. रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनांत गाडी केव्हां आली, केव्हां सुटली, याची नोंद वहींत होते. एका स्टेशनाच्या वहीवरून फारसें कळत नाहीं. पण साऱ्या वह्या शेजारीं ठेवल्या कीं कोणती गाडी कोणामुळें खोळंबली, हें उघड होतें. संगणकाच्या आज्ञावलींत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्यें, अशींच नोंदीचीं ठाणीं बसवितां येतात. यानाच्या आज्ञावलींत तीं मुळापासूनच होतीं. पूर्वीचा एक वेगळा दोष शोधण्यासाठीं तीं निर्माण झालीं होतीं. नोंदींची जागा रहाटगाडग्यासारखी फिरती होती: नवी नोंद आली कीं सर्वांत जुनी पुसली जाई.

गंमत अशी कीं, मंगळावरून या नोंदी पृथ्वीवर आणणें शक्यच नव्हतें, इतका त्यांचा पसारा मोठा होता. तरी त्या काढून टाकल्या नव्हत्या. जें तपासलें तेंच उडवावें, हा या मंडळींचा कटाक्ष. प्रयोगशाळेंत यानाची जोड होती. तिच्यावर मंगळावरचाच दिनक्रम पुनःपुन्हां चालविण्यांत आला. बिघाड होतांच नोंद थांबवून ती बाहेर टाकण्याची व्यवस्था आज्ञावलींत आधींच होती, म्हणून तपासणीसाठीं एक अक्षरही बदलावें लागलें नाहीं. अठरा तासांच्या आंत बिघाड घडला, आणि नोंदी पाहतांच किल्ली कोणाच्या हातांत अडकली होती तें उमगलें. मान उसना देण्याची सोय त्या प्रणालींत होतीच, फक्त बंद होती. ती चालू करण्याचा बदल परिणामांची नीट तपासणी करून मंगळावर धाडण्यांत आला. यानानें २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत संपर्क ठेवला.

ही हकीकत पुढें पुष्कळ तोंडीं फिरली, आणि नोंदीची सोय सुदैवानें आंत राहून गेली होती, असें सांगितलें जाऊं लागलें. उड्डाण-आज्ञावलीचे प्रमुख ग्लेन रीव्हज यांनीं याचा स्वच्छ इन्कार केला. ती बुद्ध्या ठेवलेली होती. चूक कबूल करण्यांतही त्यांनीं कुचराई केली नाहीं: मंगळावरून माहिती इतक्या झपाट्यानें येईल, ही उत्तमाहून उत्तम स्थिति आपण तपासलीच नव्हती, असें त्यांनीं सांगितलें.

आज पृथ्वीवरील स्वयंचलित यंत्रांत रॉस टू नांवाची प्रणाली पुष्कळ वापरली जाते. तीहि नोंदीचीं ठाणीं बाळगते. नोंदी टिपण्याचें काम एलटीटीएनजी हें साधन करतें; त्याचा जन्म २००५ च्या सुमारास माँट्रियालला झाला. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत या नोंदींमुळें निरोपास लागणारा जादा वेळ मिलिसेकंदाच्या सुमारें तीन सहस्रांशांइतकाच भरला. पूर्वीं हीं ठाणीं हवीं असल्यास साधन आधीं बसवून सारी प्रणाली नव्यानें बांधावी लागे. २०२३ च्या आवृत्तीपासून लिनक्सवर तीं तयारच मिळतात. मात्र नोंदणी सामान्यतः यंत्राची आज्ञावली सुरू होण्यापूर्वींच चालू करावी लागते, कारण कोणत्या कामाचें नांव काय, हें तें काम जन्मतांना एकदांच नोंदलें जातें. मागाहून वही उघडली तर गाड्यांच्या वेळा सांपडतात, पण त्यांचीं नांवें सांपडत नाहींत.