पानामागे दर : जॅक कर्बी आणि सुपरहीरोंची मालकी

थॉर, हल्क, एक्स-मेन, ब्लॅक पँथर ही नावं आज घराघरांत माहीत आहेत. ती मुलांच्या डब्यांवर आणि टी-शर्टांवर दिसतात. या सगळ्यांचं पहिलं चित्र ज्या हाताने काढलं, त्या जॅक कर्बींचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. असं का झालं, हे आज आपण पाहणार आहोत. चित्रकाराचं चरित्र सांगताना आपण सहसा शैलीपासून सुरुवात करतो. आज आपण पैसे कसे मिळत होते तिथून सुरू करू, कारण कर्बींच्या बाबतीत बाकीचं बरंचसं त्यावरून ठरलं.

कर्बींचं मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू स्थलांतरित, वडील कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामगार. त्या वस्तीतल्या अशा कारखान्यांत नगावर मजुरी मिळायची. जितके नग, तितके पैसे. मुलगा चित्रकार झाला खरा, पण हिशेबाची रीत तीच राहिली. फक्त नगाच्या जागी पान आलं.

सुरुवातीला त्यांनी फ्लायशर स्टुडिओत पॉपायच्या कार्टूनपटांवर काम केलं. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायची, असं ते काम होतं. एकामागून एक टेबलांची रांग पाहून त्यांना वडिलांचा कारखानाच आठवायचा. ते तिथून बाहेर पडले आणि कॉमिक्सच्या धंद्यात आले.

हा धंदा तेव्हा नुकता उभा राहत होता. १९३८ मध्ये सीगल आणि शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला प्रकाशकाला दिले होते. तीच रूढी पडली. प्रकाशक पानामागे दर देणार, आणि पात्र, कथा, मूळ चित्र हे सगळं त्याच्याकडे जाणार.

कर्बी आणि जो सायमन यांनी मार्टिन गुडमन यांच्या टाइमली कंपनीसाठी कॅप्टन अमेरिका तयार केला. पहिल्या अंकावर मार्च १९४१ ही तारीख आहे. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा लगावतोय. लक्षात घ्या, अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. काढणारे दोघेही ज्यू होते, आणि चित्रामागची चीड खरी होती. नफ्यात वाटा द्यायचं ठरलं होतं, पण तो पुरता मिळत नाही अशी दोघांची तक्रार होती. ते कंपनी सोडून गेले. कॅप्टन अमेरिका मात्र तिथेच राहिला. या जन्मभर चालणाऱ्या गोष्टीचा हा पहिला अंक समजा.

मग युद्ध आलं. कर्बी पायदळात भरती झाले आणि १९४४ मध्ये फ्रान्समध्ये उतरले. त्या हिवाळ्यात थंडीने पाय इतके बिघडले की ते कापावे लागतील अशी वेळ आली होती. पाय वाचले. परत आल्यावर १९४७ मध्ये सायमन-कर्बी जोडीने ‘यंग रोमान्स’ हे प्रेमकथांचं कॉमिक काढलं आणि त्यात नफ्याचा वाटा मिळवला. ते धो धो चाललं. म्हणजे निर्मात्याला वाटा दिला तर धंदा बुडतो, असं काही नव्हतं.

पण १९५४ च्या सुमारास कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली. उद्योगाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, आणि अनेक प्रकाशक बंद पडले. सायमन-कर्बींची स्वतःची कंपनीही टिकली नाही. बायको, मुलं, घराचे हप्ते. कर्बी पुन्हा गुडमन यांच्या दारात गेले. आता तिथे संपादक होते स्टॅन ली, गुडमन यांच्या नात्यातले आणि पगारी. कर्बी मात्र बाहेरचे, पानावर पैसे घेणारे. हा फरक मनात ठेवा.

नोव्हेंबर १९६१ चा ‘फँटॅस्टिक फोर’. १९६२ मध्ये हल्क आणि थॉर. १९६३ मध्ये एक्स-मेन आणि ॲव्हेंजर्स. १९६६ मध्ये वकांडाचा राजा ब्लॅक पँथर. कर्बी घराच्या तळघरात रात्र रात्र बसून वर्षाला हजारावर पानं काढत होते. वाचकाच्या अंगावर धावून येणारी मूठ आणि ऊर्जा दाखवणारे काळ्या ठिपक्यांचे पुंजके ही त्यांची खूण. पुढच्या पिढ्यांनी हीच भाषा गिरवली.

काम करण्याची पद्धत अशी होती : ली आणि कर्बी गोष्टीबद्दल थोडं बोलायचे, कधी तेवढंही नाही. मग कर्बी पूर्ण कथा चित्रांतून रचून समासात टिपणं लिहायचे, आणि त्यावर ली संवाद लिहायचे. सिल्व्हर सर्फर हे पात्र तर ली यांना तयार पानांवरच पहिल्यांदा दिसलं. लींचं श्रेय कमी करायचं कारण नाही. नायकांना घरगुती भांडणं, भाडं थकणं आणि खुसखुशीत बोलणं देणारी ती लेखणी होती. पण श्रेयनामावलीत ‘लेखक’ ली आणि ‘चित्रकार’ कर्बी. कथा रचण्याचे पैसे वेगळे नव्हते. दर पानाचा होता, आणि पान म्हणजे चित्र.

१९७० मध्ये कर्बी डीसीकडे गेले. तिथे ‘न्यू गॉड्स’ लिहिलं आणि काढलंही, डार्कसाइडसारखा खलनायक दिला. मालिका लवकर बंद झाल्या. १९७५ मध्ये ते पुन्हा मार्व्हलकडे आले, आणि मग कार्टूनपटांकडे वळले.

१९८० च्या दशकात मार्व्हल चित्रकारांना मूळ पानं परत देऊ लागली. इतरांना एका पानाचा साधा कागद सही करायला दिला. कर्बींपुढे चार पानी खास करार ठेवला, आणि परत द्यायची तयारी होती फक्त ८८ पानांची. त्यांनी काढलेली पानं हजारोंच्या घरात होती. त्यांनी नकार दिला. व्यवसायातले लेखक-चित्रकार जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९८७ मध्ये सुमारे १,९०० पानं परत मिळाली. ६ फेब्रुवारी १९९४ रोजी कर्बी गेले.

२००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल सुमारे ४ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी कर्बींच्या मुलांनी हक्क परत मागणाऱ्या नोटिसा दिल्या. अमेरिकेचा कायदा निर्मात्याला ठरावीक वर्षांनी हक्क परत मागू देतो. पण काम मालकाच्या सांगण्यावरून आणि मालकाच्या खर्चाने झालं असेल, तर कायद्याच्या दृष्टीने लेखक मालकच ठरतो. २०११ मध्ये आणि पुन्हा अपिलात २०१३ मध्ये न्यायालयाने हेच म्हटलं. पान नाकारलं गेलं असतं तर कर्बींची मेहनत वाया गेली असती, कागद-पेन्सिल त्यांची, तळघर त्यांचं. तरी जोखीम प्रकाशकाचीच धरली गेली. सर्वोच्च न्यायालय हे प्रकरण ऐकायचं की नाही ते ठरवणार, त्याआधीच सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. अटी गुप्त आहेत. पण त्यानंतर छापील अंकांत ‘निर्माते’ म्हणून ली यांच्याबरोबर कर्बींचं नाव ठळक दिसू लागलं.

तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न फक्त एका माणसावर अन्याय झाला का, एवढाच नाही. आज ठरावीक मानधनावर मालिका लिहिणारे, ॲपसाठी चित्रं काढणारे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. कर्बी करार न वाचता किंवा नाइलाजाने सही करत गेले, कारण पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचा होता. किंमत कळायला पन्नास वर्षं लागली, आणि तोवर कागद झालेले होते. ‘काम दिल्याचे पैसे दिले, आता तुझा संबंध काय’ हे वाक्य कुठे थांबायला हवं, यावर तुमचं मत ऐकायला आम्हाला आवडेल. प्रश्न घेऊया.