ट्रेव्हर फॉस्टर : एका वेल्श रग्बी लीग फॉरवर्डची कारकीर्द आणि हौशी खेळाचे राजकारण

प्रस्तावना

खेळासाठी पैसा घेणे हा नैतिक अपराध आहे, अशी धारणा ब्रिटिश क्रीडाविश्वात दीर्घकाळ रूढ होती. क्रिकेटमध्ये ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेअर्स’ हा भेद १९६२ पर्यंत टिकला. भारतीय वाचकाला तो परिचित आहे. मात्र क्रिकेटमध्ये हे दोन्ही वर्ग निदान एकाच संघातून खेळत असत. रग्बीमध्ये या भेदामुळे खेळाचेच दोन तुकडे झाले आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला परतीची वाट राहिली नाही. प्रस्तुत निबंधात ट्रेव्हर फॉस्टर (१९१४–२००५) या वेल्श व्यावसायिक खेळाडूच्या कारकिर्दीच्या आधारे या बहिष्काराचे स्वरूप तपासले आहे. फॉस्टरपेक्षा गाजलेले वेल्श खेळाडू अनेक आहेत. जिम सलिव्हन, गस रिझमन आणि बिली बॉस्टन ही नावे त्याच्या आधी घेतली जातात. तरीही हौशीपणाच्या तत्त्वज्ञानाची कसोटी त्याच्या आयुष्यात जितकी स्पष्टपणे लागते, तितकी ती इतरत्र क्वचितच लागते.

फुटीची पार्श्वभूमी

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. वादाचा मुद्दा वरवर पाहता किरकोळ होता. गिरणीत किंवा खाणीत काम करणारा खेळाडू शनिवारी सामन्याला गेला की त्याची मजुरी बुडत असे. ही बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. लंडनमधील रग्बी फुटबॉल युनियनने ती फेटाळली. सुस्थितीतील वकिलाला किंवा डॉक्टरला शनिवारची चिंता नव्हती. साहजिकच ‘निव्वळ आनंदासाठी खेळ’ हे तत्त्व त्याला सोयीचे होते.

पुढे नव्या संघटनेने नियमही बदलले. १८९७ मध्ये ‘लाइन-आउट’ बंद झाला. १९०६ मध्ये प्रत्येक बाजूचे खेळाडू पंधरावरून तेरावर आले. गाठलेल्या खेळाडूने उभे राहून चेंडू पायाने मागे सारावा, ही पद्धतही त्याच वर्षी आली. अशा रीतीने मजुरीच्या प्रश्नातून निघालेले भांडण दोन वेगळ्या खेळांपर्यंत पोहोचले. १९२२ मध्ये नव्या खेळाचे ‘रग्बी लीग’ असे नामकरण झाले.

वेल्सची स्थिती चमत्कारिक होती. तेथील रग्बीही खाणकामगार, गोदी-कामगार आणि पोलाद कारखान्यातील मजूर यांचीच होती. असे असूनही वेल्स युनियनमध्येच राहिले, कारण आंतरराष्ट्रीय सामने आणि त्यांतून मिळणारी राष्ट्रीय अस्मिता युनियनपाशी होती. याचा परिणाम असा झाला की वेल्श कामगार खेळाडूपुढे दोनच पर्याय उरले : लाल जर्सी किंवा उत्तरेचा पैसा.

न्यूपोर्ट ते ब्रॅडफर्ड

फॉस्टरचा जन्म ३ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण वेल्समधील न्यूपोर्ट या बंदराच्या शहरी झाला. तो तारुण्यात आला तेव्हा दक्षिण वेल्सची अर्थव्यवस्था कोसळलेली होती. निर्यातीवर अवलंबून असलेला कोळसा विकला जात नव्हता. कोळशावर जगणारी बंदरे ओस पडली होती. तिसाव्या दशकाच्या मध्यात मर्थर येथील विमाधारक कामगारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक बेकार होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान स्थलांतरामुळे वेल्सने सुमारे ४,३०,००० माणसे गमावली. ‘उत्तरेस जाणे’ हा वाक्प्रचार रग्बीपुरता वापरला जात असला, तरी या मोठ्या लोंढ्यापासून तो वेगळा काढता येत नाही. इतर तरुण मोटार कारखान्यांच्या शोधात इंग्लंडमध्ये गेले. ज्यांच्या अंगात बळ आणि पायात वेग होता, ते यॉर्कशर व लँकेशरच्या रग्बी क्लबांकडे गेले.

फॉस्टर न्यूपोर्ट क्लबाचा उमदा फॉरवर्ड होता आणि वेल्सच्या राष्ट्रीय संघात निवड व्हावी ही त्याची आकांक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. १९३८ मध्ये ब्रॅडफर्ड नॉर्दर्न या क्लबाशी त्याने ४०० पौंडांना करार केला. त्या काळी खाणकामगाराला आठवड्याकाठी तीन पौंडांच्या आसपास मजुरी मिळे, हे लक्षात घेतल्यास या रकमेचे वजन कळते. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. क्लबाचे व्यवस्थापक डाय रीस स्वतः वेल्श होते आणि संघबांधणीसाठी त्यांची नजर सतत मायदेशाकडे असे. कार्डिफचा अवाढव्य फॉरवर्ड फ्रँक व्हिटकम याच वर्षी ब्रॉटन रेंजर्सकडून ब्रॅडफर्डला आला. पुढल्या वर्षी स्वान्सीचा कुशल खेळाडू विली डेव्हिस तेथे दाखल झाला.

कराराच्या कागदावर सही होताच फॉस्टर युनियनच्या दृष्टीने आयुष्यभरासाठी बाद झाला. त्याला युनियनचा सामना खेळता येणार नव्हता, प्रशिक्षण देता येणार नव्हते आणि क्लबाच्या समितीवर बसता येणार नव्हते. त्यामुळेच उत्तरेच्या क्लबांचे हेर वेल्समध्ये नावे लपवून फिरत. ओळख पटली तर गावकरी त्यांची गय करत नसत.

युद्ध आणि शिथिल झालेला नियम

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९३९ च्या अखेरीस रग्बी फुटबॉल युनियनने सैन्यात दाखल झालेल्या लीग खेळाडूंवरील बंदी तात्पुरती उठवली. हा निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. व्यावसायिकता हा खरोखर नैतिक दोष असता, तर तो लष्करी गणवेशाने धुऊन निघाला नसता. सेनादलांना चांगले खेळाडू हवे होते, एवढाच त्यामागचा अर्थ आहे.

सैन्यात शारीरिक शिक्षणाचा प्रशिक्षक म्हणून काम करणारा फॉस्टर या मुभेमुळे पुन्हा युनियनच्या मैदानावर उतरला. दोन्ही खेळांच्या खेळाडूंमध्ये युद्धकाळात दोन प्रसिद्ध सामने झाले, आणि दोन्ही युनियनच्या नियमांनुसार खेळले गेले. २३ जानेवारी १९४३ रोजी हेडिंग्ली येथे लीगच्या खेळाडूंनी १८–११ असा विजय मिळवला. २९ एप्रिल १९४४ रोजी ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर लीगचा संघ १५–१० असा जिंकला. या दुसऱ्या सामन्यात फॉस्टर होता. व्यावसायिकाचा खेळ म्हणजे बाजारू, निकृष्ट खेळ, हा समज प्रतिपक्षाच्याच नियमांनी खोटा ठरला. युद्ध संपले आणि बंदी पूर्ववत लागू झाली. राष्ट्रासाठी लढताना चालणारा माणूस शांततेच्या काळात पुन्हा अस्पृश्य ठरला.

खेळाडू म्हणून योग्यता

लीगच्या तेरा जणांत सहा फॉरवर्ड असतात. फॉस्टर दुसऱ्या रांगेत खेळे. लाइन-आउट गेल्यामुळे आणि माणसे कमी झाल्यामुळे या जागेवरील खेळाडूला नुसते रेटून चालत नाही. त्याला धावावे लागते, पास झेलावा लागतो आणि बचावफळीतील फट हेरावी लागते. फॉस्टरचे वैशिष्ट्य नेमके हेच होते. व्हिटकमसारख्या धिप्पाड माणसाने प्रतिस्पर्ध्यांना आपल्याकडे ओढून घ्यावे, डेव्हिसने चेंडू बाहेर काढावा आणि फॉस्टरने वेगाने आत घुसावे, ही ब्रॅडफर्डची रीत होती.

१९४४ मध्ये ब्रॅडफर्डने विगनविरुद्ध दोन सामन्यांची अंतिम फेरी जिंकून चॅलेंज कप मिळवला. युद्धानंतर १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षे हा संघ वेम्बलीला पोहोचला. तोवर कोणत्याही क्लबाला हे जमले नव्हते. १९४७ मध्ये लीड्सचा ८–४ असा पराभव झाला. त्या काळी एका ट्रायला तीन गुण मिळत. ब्रॅडफर्डच्या दोन ट्रायपैकी एक फॉस्टरची होती. १९४८ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या उपस्थितीत विगनने ब्रॅडफर्डला ८–३ असे हरवले. तरी सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड चषक पराभूत संघातील व्हिटकमला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला फॉरवर्ड होय. १९४९ मध्ये ९५,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर हॅलिफॅक्सचा १२–० असा पाडाव झाला. त्याही सामन्यात फॉस्टरने ट्राय नोंदवली.

१९४६ मध्ये ब्रिटिश संघ ‘इंडॉमिटेबल’ या विमानवाहू युद्धनौकेतून ऑस्ट्रेलियाला गेला. प्रवासी जहाजे अजून उपलब्ध नव्हती. फ्रीमँटलला उतरल्यावर खेळाडूंना आगगाडीने सारा खंड ओलांडावा लागला. २६ जणांच्या या संघात ११ वेल्श होते आणि कर्णधार कार्डिफचा गस रिझमन होता. दोन विजय आणि एक बरोबरी अशी मालिका संघाने अपराजित राहून जिंकली. फॉस्टर त्या दौऱ्यात होता, परंतु त्याला कसोटीत संधी मिळाली ती न्यूझीलंडविरुद्ध. तो सामना ब्रिटनने गमावला. १९४८ मध्ये तो मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला. युनियनमध्ये हुकलेली वेल्सची जर्सी त्याला लीगमध्ये अनेकदा मिळाली. मात्र तिला मायभूमीत तशी प्रतिष्ठा नव्हती, हे मान्य करावे लागते.

१९५५ मध्ये निवृत्त होईपर्यंत फॉस्टर ब्रॅडफर्डसाठी चारशेहून अधिक सामने खेळला. या संपूर्ण काळात पंचांनी त्याला एकदाही मैदानाबाहेर काढले नाही. दुसऱ्या रांगेतील फॉरवर्डच्या बाबतीत ही गोष्ट सामान्य नव्हे.

सद्गुणांची मालकी कोणाची?

हौशी खेळाचे समर्थक संयम, निष्ठा आणि निःस्वार्थ सेवा हे गुण आपल्या पक्षाचे मानत. फॉस्टरच्या चरित्रात हे सर्व आहे, आणि तो पगारी खेळाडू होता. एवढ्यावरून उलट टोकाचा निष्कर्ष काढणे मात्र योग्य ठरणार नाही. लीगच्या गौरवपर चरित्रांत फॉस्टरसारखी माणसे पुढे आणली जातात, त्यामुळे या व्यवस्थेची कठोर बाजू झाकली जाते. क्लब खेळाडूला विकत घेत आणि विकत असे. सामना हरला की मानधन कमी होई. बहुतेकांना खेळाबरोबर नोकरीही करावी लागे. शिवाय उत्तरेस गेलेला प्रत्येक वेल्श तरुण वेम्बलीला पोहोचला नाही. एखाद्या हंगामात दुखापत झालेल्या किंवा नव्या नियमांशी जुळवून न घेता आलेल्या खेळाडूला क्लब सोडून देई, आणि घरच्या मैदानाचे दार त्याला आधीच बंद झालेले असे. बहिष्काराची खरी किंमत अशा अयशस्वी माणसांनी मोजली. फॉस्टरला जे गमवावे लागले त्याची भरपाई झाली. त्यांची झाली नाही.

१९६३ नंतरचा काळ

ब्रॅडफर्ड क्लबाला पुढे उतरती कळा लागली. १९५४ मध्ये ऑड्सलवर चॅलेंज कपच्या फेरसामन्याला १,०२,५६९ प्रेक्षकांची नोंद झाली होती. त्याच मैदानावर नोव्हेंबर १९६३ मध्ये बॅरोविरुद्धच्या सामन्याला ३२४ माणसे आली. डिसेंबरमध्ये क्लब बंद पडला. मरगळलेला लोकर उद्योग आणि घरोघरी आलेला दूरचित्रवाणी संच ही कारणे सांगितली जातात. दीर्घकाळची ढिसाळ व्यवस्थाही त्यात धरली पाहिजे.

या प्रसंगी पुढाकार घेतला तो फॉस्टर आणि त्याचा जुना न्यूझीलंडर सहकारी जो फिलिप्स यांनी. १९६४ मध्ये सेंट जॉर्ज हॉलमध्ये नागरिकांची जाहीर सभा भरली, निधी उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवा संघ मैदानात उतरला. न्यूपोर्टहून पैशासाठी आलेला माणूस आता पैसा गोळा करत ब्रॅडफर्डमध्ये फिरत होता. गावच्या मुलांसाठी पोलिसांनी चालवलेल्या क्लबातही त्याने वर्षानुवर्षे विनामूल्य काम केले.

ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे फुटीला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने युनियनमध्येही व्यावसायिकतेला मान्यता दिली. फॉस्टर तेव्हा ८० वर्षांचा होता. पुढल्याच वर्षी ब्रॅडफर्ड नॉर्दर्नचे ‘ब्रॅडफर्ड बुल्स’ झाले आणि क्लब पुन्हा यशाच्या शिखरावर गेला. सामन्याच्या वेळेची नोंद ठेवण्याचे काम फॉस्टर ऑड्सलवर शेवटच्या वर्षांपर्यंत करत राहिला. २ एप्रिल २००५ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा त्या क्लबाशी त्याचा संबंध जवळजवळ ६७ वर्षांचा होता.