पुलाखालून गलबत

जयगडच्या किल्ल्यावर उभें राहून पूर्वेकडे पाहिलें, तर शास्त्री नदीची खाडी डोंगरांतून वळणें घेत आंत गेलेली दिसते. याच वाटेनें एके काळीं व्यापारी गलबतें संगमेश्वरापर्यंत जात. संगमेश्वर म्हटलें कीं १६८९ सालीं संभाजी महाराज तेथें पकडले गेले, एवढेंच बहुतेकांस आठवतें. पण तें एक नांदतें बंदरहि होतें. जयगडापासून तेथपर्यंत गलबताच्या वाटेवर त्या काळीं एकहि पूल नव्हता. तांडेलाची सारी चिंता पाण्याखालच्या वाळूची असे. डोक्यावर आभाळ मोकळें होतें.

आज त्याच खाडीवर भातगांवचा पूल आहे, आणि संगमेश्वराजवळ मुंबई-गोवा रस्त्यावरचा शास्त्री पूल आहे. अशा पुलाखालून उंच डोलकाठीचें गलबत न्यावयाचें, तर काय करावें लागतें?

प्रथम शीड उतरावयाचें. कोंकणी गलबताचें शीड ज्या लांब तिरक्या काठीला, म्हणजे परबाणाला, बांधलेलें असतें, तिचें वरचें टोंक डोलकाठीच्याहि वर जातें. म्हणून परबाण खालीं घेतलें कीं उंची बरीच कमी होते. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर डोलकाठीच उतरावी लागते. लहान होडींत हें काम सोपें आहे. मोठ्या गलबताची डोलकाठी मात्र केवळ खलाशांच्या बळावर उतरत नाहीं.

मग भरती-ओहोटीचा हिशेब येतो. कोंकण किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यांत सुमारें ७-८ फुटांचें अंतर पडतें. ओहोटी पूर्ण झाली असतां पुलाखालीं जागा सर्वांत अधिक. पण त्याच वेळीं तळाशीं पाणी सर्वांत कमी. वर वाचावें तर खालीं रुतावें, अशी ही अडचण! दोन्हींच्या मधली जी थोडी घटका सांपडते, तीच नावाड्याची. त्यांतहि एक गंमत आहे. माल भरलेलें गलबत पाण्यांत खोल बसतें, म्हणून जातांना पुलाखालून सहज निसटतें. माल उतरवून परततांना तेंच गलबत वर उचललेलें असतें आणि अडतें. अशा वेळीं तळाशीं दगडांचें नीरम भरून त्याला पुन्हा खालीं बसवावें लागतें.

प्रवाहाबरोबर पुलाकडे धांवणें तर सर्वांत घातक, कारण उंची चुकली असें कळतें तेव्हां थांबतां येत नाहीं. जाणता नावाडी प्रवाहाच्या उलट जातो; तें साधत नसेल, तर नाळ प्रवाहाकडे करून, नांगर तळाशीं घांसत ठेवून मागें मागें सरकतो. लंडनच्या जुन्या पुलाचे खांब इतके जाड होते कीं मधल्या कमानींतून पाणी धबधब्यासारखें कोसळे आणि होड्या उलटून माणसें बुडत. १८३१ सालीं नवा पूल खुला झाला, तेव्हां हा धोका टळला.

जेथें जहाजांचा मान मोठा, तेथें पुलालाच वाट द्यावी लागली. कलकत्त्याच्या १८७४ च्या तरत्या पुलाचा मधला भाग जहाजांसाठीं बाजूस काढीत. १९४३ सालीं त्याच्या जागीं हावड्याचा उंच पूल आला. पांबनला १९१४ सालीं रेल्वेपुलाची दोन पाखें माणसांच्या बळानें वर उचलण्याची सोय झाली, आणि २०२५ सालीं तेथें मधला भाग सरळ वर उचलला जाणारा नवा पूल सुरू झाला.

शास्त्री नदीवर असें कांहीं झालें नाहीं, आणि याचें उत्तर पुलांत नसून गाळांत आहे. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरांतच संगमेश्वरची तक्रार नोंदलेली आहे: पूर्वीं मोठीं गलबतें थेट धक्क्यापर्यंत येत, आतां त्यांना कित्येक मैल खालीं थांबावें लागतें. सह्याद्रीच्या उतारावरची माती पावसानें वाहून येऊन पात्र उथळ झालें. म्हणजे पुलानें गलबत अडविलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पूल आला तेव्हां वरच्या पात्रांत अडविण्याजोगें गलबत उरलेंच नव्हतें. पुलाची उंची ठरविणाऱ्यांनीं नदींत डोकावून पाहिलें असतें, तरी एखाद्या होडीखेरीज त्यांना काय दिसलें असतें?

खाडीच्या मुखाशीं मात्र गोष्ट वेगळी आहे. तेथें आजहि मासेमारीच्या बोटी ये-जा करतात, आणि जयगड व तवसाळ यांच्यामध्यें मोटारी नेणारी फेरीबोट चालते. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाच्या योजनेंत या खाडीवर पूल घालण्याचें ठरलेलें आहे. त्या पुलाखालून आंत कोणत्या उंचीचें जहाज जाऊं शकेल, हें एकदां कागदावर ठरलें कीं पुढच्या कित्येक पिढ्यांना तें बदलतां येणार नाहीं.