दुष्काळ, प्लेग आणि पंडिता रमाबाई

आपली कुकडी घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला. त्याच भीमेच्या खोऱ्यात, आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातले केडगाव आहे. देशांवर दुष्काळ आणि रोगराई ओढवते तेव्हा धर्माने काय करावे, ह्या प्रश्नाला एका ख्रिस्ती बाईने दिलेले उत्तर तिथे पाहावयास मिळते.

पंडिता रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळला नव्हता. १८७४च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्नदशा झाली, तीत त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी देश हिंडल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या व निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर राहुट्यांत ठेवले. १९००च्या सुमारास गुजरातेतूनही मुली आल्या. त्यांना नुसती भाकरी मिळाली नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामेही मिळाली.

प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची होणारी आबाळ त्यांनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड लिहिली. गव्हर्नर सँडहर्स्ट ह्यांनी ती तक्रार खोडून काढली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून बाई गप्प बसल्या नाहीत, हे विसरू नये.

पण इतिहासाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, ह्यावरून १८९३ साली शारदा सदनाचा वाद पेटला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या मुलीच्या ताटात आपण वाढतो, तिचा होकार कितपत मोकळा? ही शंका खोटी नव्हती, आणि रमाबाईंच्या कार्याने ती पुसलीही जात नाही. मात्र ती घेणाऱ्यालाही उलट विचारता येते : त्या मुलींसाठी तुमची दारे किती उघडली?

२०१४ साली आंबेगावातले माळीण दरडीखाली गेले, ते आपण पाहिले आहे. संकटाच्या पहिल्या आठवड्यात हात पुष्कळ येतात; खरी कसोटी पुढच्या वर्षांत लागते. रमाबाई १९२२ साली मरेपर्यंत केडगावीच राहिल्या. कोणत्याही श्रद्धेचे मोल करताना मला हेच आधी पाहावेसे वाटते : ती धावत आली का, खरे बोलली का, आणि गर्दी ओसरल्यावर थांबली का.